चार घरच्या चार प्रती: वंशावळीतले बदल एका जागी कसे आणायचे

गेल्या गणपतीत आमच्या गुहागर तालुक्यातल्या घरी, ओटीवर, एकाच वंशावळीच्या चार प्रती समोरासमोर आल्या. पुण्याच्या दादाची एक्सेलची फाईल, डोंबिवलीच्या आत्याने लेकीकडून टाइप करून घेतलेली वर्डची फाईल, माझ्या रत्नागिरीच्या संगणकावरची प्रत आणि गावच्या काकांची लाल बांधणीची वही. चारही मुळात एकाच यादीतून निघालेल्या. मधल्या तीन वर्षांत प्रत्येकाने आपापल्या माहितीप्रमाणे भर घातली, चुका सुधारल्या, काही नावं काढलीसुद्धा. दादा म्हणाला, "सगळ्यात मोठी फाईल धरू आणि बाकीच्यांतलं नवीन तेवढं तिच्यात टाकू."

बहुतेक घरांत असंच करतात, आणि त्यानेच वंशावळ बिघडते. काढून टाकलेली चुकीची नावं परत येतात, सुधारलेल्या तारखा पुन्हा जुन्या होतात, आजोबा आणि त्यांच्याच नावाचा नातू एक होऊन बसतात. आम्ही चार प्रतींची एक करताना जी रीत वापरली ती इथे पायरीपायरीने लिहितो. वंशावळीच्या जागी ग्रामदेवतेच्या मानकऱ्यांची यादी असो, बागायतदारांच्या सोसायटीचं कलमांचं रजिस्टर असो की वाचनालयाची ग्रंथसूची, रकाने पाडून लिहिलेल्या कुठल्याही नोंदींना ही रीत लागू पडते.

दोनच प्रती समोर ठेवून काही कळत नाही

समजा दादाच्या फाईलमध्ये 'काशी' हे नाव आहे आणि आत्याच्या फाईलमध्ये नाही. दादाने ते नव्याने घातलं, की आत्याने चुकीचं म्हणून काढलं? या दोन फाईली कितीही वेळ न्याहाळल्या तरी उत्तर मिळणार नाही. उत्तर तिसऱ्या प्रतीत असतं: जिच्यातून या दोन्ही निघाल्या, त्या मूळ प्रतीत. तिच्यात काशी असेल तर आत्याने काढलं. नसेल तर दादाने घातलं.

चुलत भावांचं नातं सांगायला जसा सामाईक आजोबा लागतो, तसा प्रतींनाही लागतो. म्हणून सगळ्यात आधी एका कागदावर प्रतींचीच वंशावळ काढा. कोणती प्रत कोणाकडून, कधी, कशावरून निघाली? आमच्याकडे असं निघालं की आत्याची प्रत मूळ यादीवरून नव्हती. दादाने पहिल्या वर्षी केलेल्या दुरुस्त्यांनंतरची फाईल तिच्याकडे गेली होती. म्हणजे दादा आणि आत्या यांची सामाईक मूळ प्रत म्हणजे दादाची त्या वेळची फाईल, आणि माझी नि काकांची मूळ प्रत त्याआधीची. हे आधी कळलं नसतं तर दादाच्या पहिल्या वर्षीच्या सगळ्या दुरुस्त्या आम्ही आत्याच्या नावावर मांडल्या असत्या.

संगणकाच्या जगात याला तीन-बाजूंची जुळणी म्हणतात. युनिक्स या संगणक-प्रणालीवरचं, फाईलींतले फरक दाखवणारं 'डिफ३' हे जुनं साधन हेच करतं, आणि लिनस टॉरवाल्ड्सने २००५ साली लिहिलेलं, फाईलींतले बदल सांभाळणारं 'गिट' दोन शाखा (वेगवेगळ्या वाटांनी बदललेल्या प्रती) जोडताना आधी त्यांचा सामाईक पूर्वज शोधतं. आपण हाताने केलं तरी तत्त्व तेच.

मूळ प्रत शोधायची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे ईमेलमधलं 'पाठवलेले'. तिथली जोडलेली फाईल पाठवल्यावर कोणी बदललेली नसते. व्हॉट्सअॅपवर पाठवली असेल तर जुन्या फोनमध्ये बघा. गुगल शीट असेल तर तिच्या आवृत्ती-इतिहासातून त्या तारखेची प्रत काढता येते. आणि मूळ प्रत सापडलीच नाही, तर सगळ्या प्रतींमध्ये जे तंतोतंत सारखं आहे तेवढंच मूळ धरा आणि एक पथ्य पाळा: कोणतीही नोंद 'कोणीतरी काढली' असं मानायचं नाही. प्रत्येक फरक माणसाला विचारूनच सोडवायचा. काम वाढतं, पण माणूस हरवत नाही.

आधी सगळ्यांचे हात थांबवा

जुळणी चालू असताना कोणी आपल्या प्रतीत बदल करायचा नाही. एक तारीख ठरवा, सगळ्यांना कळवा, त्या दिवसाच्या प्रती गोळा करा. आलेल्या फाईली एका फोल्डरमध्ये जशाच्या तशा ठेवा आणि फक्त वाचता येतील अशा करून टाका. काम करायचं ते त्यांच्या नकलांवर. फाईलच्या नावात तारीख वर्षापासून लिहा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तशा लिहिल्या की फाईली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. 'फायनल', 'नवीन फायनल' अशी नावं पुढच्या वर्षी काहीच सांगत नाहीत.

काकांच्या वहीचे सगळ्या पानांचे फोटो घ्या, कोरी पानं आणि मागचं पुठ्ठ्याचं पानसुद्धा. आमच्या काकांनी दोन पुनर्विवाहांची नोंद पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला केली होती.

सगळ्या प्रती एका रूपात आणा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि इथे आळस केला तर पुढे शेकडो खोटे फरक निघतात.

एक माणूस, एक ओळ. रकाने सगळ्यांचे सारखे आणि त्याच क्रमाने. वर्डमधला मजकूर असेल तर तो तक्त्यात आणावा लागतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या, आणि बदलल्यावर निदान पानभर मजकूर डोळ्यांनी तपासा. जोडाक्षरांत हमखास काहीतरी निसटतं.

आता मराठीची खास अडचण, जी परदेशी मार्गदर्शकांत सापडत नाही. 'कऱ्हाड' किंवा 'दऱ्या' यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत त्याला स्वतंत्र अक्षर वापरलेलं असतं. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. अक्षरं मोजणारं एक्सेलमधलं 'लेन' हे सूत्र लावून पाहा (काना, हलन्त आणि न दिसणारी चिन्हंही ते वेगळी मोजतं): एका 'कऱ्हाड'ला सहा येतील, दुसऱ्याला सात. आमच्याकडे 'जन्मगाव' या रकान्यात निघालेले बरेचसे फरक निव्वळ याचे होते.

यावर उपाय म्हणून काही जण न दिसणारी चिन्हं सरसकट पुसून टाकतात. तसं अजिबात करू नका. दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या 'दऱ्या'तलं ते चिन्ह गेलं की 'दर्या' उरतो. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. आधी त्या अर्ध्या र च्या जागी स्वतंत्र अक्षर घाला, मगच उरलेली चिन्हं पाहा. एक्सेलमध्ये 'सबस्टिट्यूट' आणि 'युनिकॅर' ही सूत्रं मिळून हे होतं: २३५२ (र), २३८१ (हलन्त), ८२०५ (जोडचिन्ह) हे तीन युनिकोड क्रमांक एकापुढे एक जोडून शोधायचे आणि त्याजागी २३५३ (स्वतंत्र अक्षर), २३८१ घालायचे. 'ॲ'चंही असंच आहे. २३०९, ८२०५, २३७३ यांच्या जागी एकटा २४१८.

तारखांचं प्रकरण याहून घातक. १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख एक्सेलला तारीख म्हणून कळतच नाही, ती नुसता मजकूर राहते. दोनच आकडी वर्ष लिहिलं तर १५/८/२५ चा अर्थ तो २०२५ घेतो, आणि पणजोबा शंभर वर्षं उशिरा जन्मतात. म्हणून दिवस, महिना आणि वर्ष यांचे तीन वेगळे रकाने करा आणि तिघांनाही 'मजकूर' म्हणून ठेवा. वर्ष नेहमी चार आकडी.

जुन्या नोंदी शके आणि तिथीने असतात. त्यांचं इसवी सनात रूपांतर करा, पण मूळ नोंद वेगळ्या रकान्यात जशी होती तशीच ठेवा. आमच्या एका आजोबांचा जन्म मूळ यादीत 'शके १८४२, माघ' असा होता. दादाने ७८ मिळवून १९२० केलं, आत्याने १९२१. दोघांनी एकाच नोंदीचं रूपांतर केलेलं, तरी दोन वर्षं. शक बदलतो चैत्रात आणि इसवी सन जानेवारीत. त्यामुळे चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. माघ जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येतो, म्हणून १९२१ बरोबर. पौष मात्र दोन्ही सनांच्या सीमेवर असतो. तिथे तिथी पाहून पंचांगच उघडावं लागतं.

शेवटी एक गोष्ट, जी मी पहिल्या खेपेला केली नव्हती आणि पूर्ण एक दिवस वाया गेला: ही सगळी साफसफाई मूळ प्रतीवरही करा, अगदी त्याच पद्धतीने. मूळ प्रत तशीच ठेवून बाकीच्या साफ केल्या, तर साफ केलेली प्रत्येक नोंद 'बदललेली' दिसते.

माणसाला नाव नको, नंबर द्या

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली चाल. आमच्या एका शाखेत एकाआड एक पिढीत 'गणेश विष्णू' आहे. नावावरून ओळी जुळवल्या तर आजोबांचं लग्न नातवाच्या बायकोशी लागतं. म्हणून प्रत्येक माणसाला एक नंबर द्यायचा, जो पुन्हा कधी बदलणार नाही आणि ज्याला स्वतःचा काही अर्थ नसेल.

अर्थ नसावा हे मी मुद्दाम म्हणतो. अनेक कुलवृत्तांतांत नंबरातूनच स्थान कळतं: तिसऱ्या शाखेतला दुसरा मुलगा, त्याचा पहिला. वाचायला ते छान आहे. पण उद्या एखादी शाखा दुसऱ्या भावाखाली होती असं सिद्ध झालं की खालच्या सगळ्यांचे नंबर बदलतात, आणि जुळणीत तो सगळा वेल 'काढला आणि नव्याने घातला' असा दिसतो. स्थानदर्शक नंबर छापताना काढा. ओळखीसाठी साधा अर्थहीन नंबर ठेवा.

नवीन माणूस घालताना दोन घरांनी तोच पुढचा नंबर वापरला तर गोंधळ होतो. आम्ही घरानुसार अक्षर लावलं: पुण्याचे 'पु', डोंबिवलीचे 'डो', रत्नागिरीचे 'र', गावचे 'गा'. पु-१२ आणि डो-१२ यांची गाठ कधी पडत नाही. मात्र एकच नवं बाळ दोन घरांनी दोन नंबरांनी लिहिलेलं असू शकतं. जुळणी झाल्यावर वडिलांचा नंबर, नाव आणि जन्मवर्ष तिन्ही जवळपास सारखं असलेल्या ओळी शोधा. एक ठेवा, दुसरी पुसू नका. तिच्यात 'पाहा पु-१२' एवढंच लिहा. त्या घरच्या जुन्या कागदांवर तो नंबर कुठेतरी असतोच.

नातं एकाच ठिकाणी लिहा. मुलाच्या ओळीत वडिलांचा नंबर आणि आईचा नंबर, बस. वडिलांच्या ओळीत मुलांची यादी पुन्हा द्यायची नाही. दोन जागी लिहिलेली एकच गोष्ट दोन घरांत वेगळी बदलते आणि मग वंशावळ स्वतःशीच भांडते.

ज्यांनी 'ग्रॅम्प्स'सारखा वंशावळीचा प्रोग्रॅम वापरलाय त्यांच्यासाठी: देवाणघेवाणीच्या जेडकॉम फाईलीतले नंबर फक्त त्या फाईलीपुरते असतात. दुसऱ्या प्रोग्रॅममधून बाहेर काढले की बदलू शकतात. आपला नंबर संदर्भ-क्रमांकाच्या वेगळ्या खान्यात भरा. आणि फाईल काढताना यूटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत निवडा, नाहीतर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

आता रकाना रकाना जुळवा

एकाच फाईलीत तीन पानं करा: मूळ, पहिली प्रत, दुसरी प्रत. चौथ्या पानावर निकाल. प्रत्येक नंबरासाठी, प्रत्येक रकान्यात नियम असा: दोन्ही प्रतींत सारखं असेल तर तेच घ्या. पहिली प्रत मुळासारखी असेल तर बदल दुसरीने केलाय, दुसरीचं घ्या. दुसरी मुळासारखी असेल तर पहिलीचं घ्या. तिघांत तीन वेगळ्या गोष्टी असतील तर 'तंटा' असं लिहा. एकात एक बसवलेल्या तीन 'इफ'मध्ये हे मावतं; नंबरावरून ओळ शोधायला 'व्ही-लुकअप'. तुलनेसाठी साध्या बरोबरच्या चिन्हापेक्षा 'एक्झॅक्ट' वापरा.

अख्ख्या ओळींचा नियम वेगळा पाहावा लागतो. एका घराने ओळ काढली आणि दुसऱ्याने तिला हातच लावला नाही, तर ती गेली. पण एकाने काढली आणि दुसऱ्याने तिच्यात सुधारणा केली असेल, तर तो तंटाच. सुधारणा करणाऱ्याला त्या माणसाबद्दल काहीतरी माहीत होतं.

चार प्रती एकदम जुळवू नका. दोन जोडा, निकाल तपासा, मग त्या निकालाला तिसरी. दर खेपेला मूळ प्रत कोणती, ते प्रतींच्या वंशावळीच्या कागदावरून ठरवा. आम्ही आधी दादा-आत्या जोडले आणि मग त्यांच्या निकालाला माझी नि काकांची, जुन्या मुळावर.

गिट वापरणाऱ्यांसाठी एवढंच: ते ओळी पाहतं, रकाने नाही. एका माणसाची सगळी माहिती एका ओळीत असेल तर एकाने जन्मवर्ष आणि दुसऱ्याने गाव बदललं तरी ते तंटा सांगेल. एका ओळीत एकच रकाना लिहिला तर असे खोटे तंटे कमी होतात. आणि तंटा दाखवताना मूळ मजकूरही दिसेल अशी 'डिफ३' शैली चालू करा. एरवी ते फक्त दोन बाजू दाखवतं, मूळ नाही.

तंटे कसे सोडवायचे

'ज्याने शेवटी बदललं त्याचं खरं' हा नियम वापरू नका. शेवटी टाइप करणाऱ्याला जास्त माहिती असते असं काही नाही.

आम्ही 'पुरावा' असा रकाना वाढवला. जन्म-मृत्यूचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जमिनीच्या फेरफारातली वारस नोंद, लग्नपत्रिका, आणि 'आजीने सांगितलं' हेसुद्धा. वारस नोंदीत मृत्यूचं वर्ष आणि मागे राहिलेल्यांची नावं एकत्र मिळतात, म्हणून तलाठ्याकडचे जुने फेरफार काढण्यासाठी केलेली खेप वाया जात नाही. पण दाखल्यावरची तारीखही डोळे झाकून घेऊ नका. शाळेत घालताना वय जुळवायला जून महिन्यातली जन्मतारीख लावायची पद्धत होती. बारसं कुठल्या महिन्यात झालं हे सांगणारी आजी तिथे जास्त विश्वासाची.

काही तंटे मुळात तंटेच नसतात, रकाना कमी पडलेला असतो. आत्याने एका आजीचं नाव 'यमुना' लिहिलं, काकांनी 'लक्ष्मी'. दोन्ही बरोबर: माहेरचं यमुना, सासरी आल्यावर लक्ष्मी. दोन रकाने केले आणि असे कितीतरी तंटे एका संध्याकाळी मिटले. दत्तकाचंही तसंच, जन्मदाते आणि दत्तक घेणारे यांचे वेगळे रकाने असले की दोन्ही घरांची नोंद खरी राहते. त्यामुळे तंट्यांची यादी सोडवायला बसण्याआधी एकदा सलग वाचा. एकाच प्रकारचे तीन-चार दिसले की माणसांना विचारण्याआधी तक्ता तपासा.

उरलेले तंटे फोनवर नको. सगळे गावी असताना, दुपारी माजघरात, मोठ्या माणसांना एकेक नाव वाचून दाखवा. उत्तर न मिळालं तर दोन्ही नोंदी ठेवा, पुराव्यासकट.

तंटा न निघालेल्या चुका

जुळणी बिनतक्रार झाली म्हणजे निकाल बरोबर आहे असं नाही. दादाने एका रामचंद्राला सदाशिवाखाली हलवलं होतं. आत्याने त्याच सदाशिवाला त्या रामचंद्राखाली. दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या, म्हणून एकही तंटा निघाला नाही, आणि निकालात दोघं एकमेकांचे बाप झाले. छापायला घेतलं असतं तर तो अख्खा वेल मूळपुरुषापासून तुटून गायब झाला असता.

म्हणून जुळणीनंतर ही तपासणी करा. प्रत्येक माणसापासून वडिलांच्या नंबराने वर वर जा; मूळपुरुषापर्यंत पोहोचता येतं का, की मध्ये फेरा होतो? ज्या वडिलांचा नंबर लिहिलाय ती ओळ अजून शिल्लक आहे का? मूल आणि आई यांच्या वयात निदान बारा-पंधरा वर्षांचं अंतर आहे का? मृत्यू जन्माच्या आधी तर नाही? एक नंबर दोनदा तर नाही? आणि एकूण माणसं मोजा: मूळ प्रतीतली, अधिक नवी, वजा काढलेली. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी कोणी गळलंय.

परत वाटताना

तयार प्रतीला आवृत्तीचा आकडा द्या आणि तो पहिल्या ओळीत, छापील प्रतीच्या प्रत्येक पानावर आणि काकांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हीच आता सगळ्यांची नवी मूळ प्रत. हयात माणसांचे फोन, पत्ते आणि पूर्ण जन्मतारखा वेगळ्या फाईलीत ठेवा आणि ती सरसकट पाठवू नका.

यापुढे घरोघरी फाईल बदलण्याऐवजी फक्त बदल लिहून ठेवायचे, असं आम्ही ठरवलं: माणसाचा नंबर, रकाना, जुनं काय, नवं काय, पुरावा, तारीख. नेटवर सामाईक शीट ठेवली आहेच, पण आषाढात गावी दोन-दोन दिवस वीज नसते आणि काकांना वहीच सोयीची आहे. वहीत या सहा गोष्टी लिहिल्या की जुळणी तासाभराची. शिमग्याला आणि गणपतीला, माणसं येतात तेव्हा, वर्षातून दोनदा. तीन वर्षं साचू दिलं की काय होतं ते पाहिलं आहे.

सगळं वाटून झाल्यावर, दिवाळीच्या सुमारास, इंदूरच्या चुलत घराण्याकडून पाचवी प्रत आली, भरपूर नव्या नावांसकट. ती नव्या आवृत्तीशी थेट ताडून पाहायचा मोह झाला. तसं केलं असतं तर आम्ही काढलेली प्रत्येक नोंद त्यांनी 'नव्याने घातलेली' दिसली असती. त्यांना आधी एकच प्रश्न विचारला: तुमची यादी कोणत्या कागदावरून उतरवली होती? उत्तर आलं, काकांच्या वडिलांनी हाताने लिहिलेल्या पत्रावरून. ते पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं. त्याचा फोटो मागवला, तो टाइप करून साफ केला, आणि तीच मूळ प्रत धरून जुळणी आता सुरू आहे.